परीक्षेआधी आत्मविश्वास कसा टिकतो? हडपसरच्या सीईटी विद्यार्थ्यांच्या निमित्ताने

बारावीची लेखी परीक्षा मार्चमध्ये संपते. बाकीच्या शाखांची मुले सुट्टीला लागतात, विज्ञान शाखेच्या मुलांची मात्र खरी परीक्षा अजून व्हायची असते. एप्रिल-मे महिन्यांत एमएचटी-सीईटी, जेईई मेन आणि नीट या प्रवेश परीक्षा ओळीने येतात. हडपसरमध्ये या दिवसांत गाडीतळ, ससाणेनगर, सातववाडीच्या अभ्यासिका सकाळपासून भरलेल्या असतात. मगरपट्टा आणि अमानोरातल्या माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातल्या नोकरदारांची मुले तिथे असतात, तशीच फुरसुंगी, मांजरी, लोणी काळभोरकडून बसने येणारी शेतकऱ्यांची आणि कामगारांची मुलेही असतात. घरे वेगवेगळी असली तरी पोटात येणारा गोळा सारखाच असतो.

ही भीती बिनबुडाची नाही. महाराष्ट्रात अभियांत्रिकी पदवीच्या प्रवेशाची गुणवत्ता यादी बारावीच्या गुणांवर लागत नाही, ती प्रवेश परीक्षेच्या गुणांवर लागते. बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित मिळून खुल्या प्रवर्गासाठी किमान ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गासाठी किमान ४० टक्के मिळाले की पात्रता पूर्ण होते. पुढे कोणते महाविद्यालय आणि कोणती शाखा मिळणार, हे मुख्यतः तीन तासांच्या एका परीक्षेवर ठरते. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी सात लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी सीईटीसाठी नोंदणी केली होती.

अशा वेळी घरचे, शिक्षक, शेजारी सगळे सांगतात, "आत्मविश्वास ठेव." तो ठेवायचा कसा, हे सहसा कोणी सांगत नाही. मराठीत 'उसने अवसान' असा एक शब्दप्रयोग आहे. आतून नसलेला धीर बाहेरून आणणे, असा त्याचा अर्थ. उसने अवसान परीक्षा केंद्राच्या फाटकापर्यंत टिकते आणि पहिला अवघड प्रश्न समोर आला की गळून पडते. टिकणारा आत्मविश्वास वेगळा असतो. आपल्याला काय येते, काय येत नाही आणि परीक्षेत नेमके काय होणार आहे, याच्या माहितीवर तो उभा असतो. ही माहिती गोळा करता येते, म्हणून असा आत्मविश्वासही तयार करता येतो.

आधी परीक्षेची ओळख

अनोळखी गोष्टीची भीती जास्त वाटते. त्यामुळे परीक्षेचा आराखडा तोंडपाठ असणे ही धीराची पहिली पायरी आहे.

एमएचटी-सीईटी ही परीक्षा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष घेतो. २०१९ पासून ती संगणकावर होते. भौतिक-रसायन-गणित (पीसीएम) आणि भौतिक-रसायन-जीवशास्त्र (पीसीबी) असे तिचे दोन गट आहेत. तिची रचना अशी:

- पहिला भाग: भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र, प्रत्येकी ५० प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला १ गुण, वेळ ९० मिनिटे. एका प्रश्नाला सरासरी ५४ सेकंद मिळतात.
- दुसरा भाग, पीसीएम गट: गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, वेळ ९० मिनिटे. एका प्रश्नाला सरासरी १०८ सेकंद मिळतात.
- दुसरा भाग, पीसीबी गट: जीवशास्त्राचे १०० प्रश्न, प्रत्येकी १ गुण, वेळ ९० मिनिटे.
- एकूण २०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत.

अभ्यासक्रम राज्य मंडळाचा असतो. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या ठरवून दिलेल्या प्रकरणांवर आणि ८० टक्के बारावीवर असतात. त्यामुळे ज्याने बालभारतीची बारावीची पुस्तके नीट केली आहेत, तो परीक्षेला रिकाम्या हाताने जात नाही.

या रचनेतली एक गोष्ट अनेकांना ऐन वेळी कळते. पहिल्या भागाची ९० मिनिटे संपली की तो भाग बंद होतो आणि दुसरा भाग उघडतो. मागे जाता येत नाही. ज्याला हे आधीपासून माहीत असते, तो पहिला भाग वाईट गेला तरी त्याचे ओझे गणितात नेत नाही, कारण तिथे आता करण्यासारखे काहीच उरलेले नसते.

जेईई मेन आणि नीट यांची गणिते वेगळी आहेत. २०२५ पासून जेईई मेनमध्ये ७५ प्रश्न आणि ३०० गुण आहेत, तर नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० गुण आणि १८० मिनिटे. नीट कागदावर होते आणि उत्तरपत्रिकेवरचे गोल काळे करायचे असतात. दोन्हीकडे बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला १ गुण कापला जातो. सीईटीची सवय घेऊन नीटला बसणे किंवा नीटची सवय घेऊन सीईटीला बसणे, दोन्ही तोट्याचे.

तुक्का मारावा की नाही?

या प्रश्नावर परीक्षेत बसून विचार करण्यात बरीच मिनिटे जातात. उत्तर साध्या हिशोबाने आधीच काढून ठेवता येते.

सीईटीत गुण कापले जात नाहीत. म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नये. शेवटच्या मिनिटाला १२ प्रश्न उरले असतील, तर १२ही प्रश्नांना काही ना काही उत्तर द्यावे. त्यात तोटा शून्य आहे.

नीटमध्ये चारही पर्याय सारखेच अनोळखी वाटत असतील, तर सरासरी फायदा पाव गुणाचा असतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. दोन पर्याय खात्रीने चुकीचे आहेत असे कळले, तर उरलेल्या दोनांतून एक निवडण्याचा सरासरी फायदा दीड गुणाचा होतो. यावरून नियम ठरतो: दोन पर्याय खोडता आले तर उत्तर द्यावे, एकही खोडता आला नाही तर पुढे जावे. नियम घरी ठरलेला असला की केंद्रावर मनाची ओढाताण होत नाही.

पर्सेंटाइल: गैरसमजातून येणारी भीती

"पेपर फार अवघड होता, आता संपलं सगळं." सीईटीच्या सत्रानंतर हे वाक्य हमखास ऐकू येते. पर्सेंटाइल कसे काढतात ते समजले, तर ही भीती बरीच सैल होते.

सीईटी अनेक दिवस, अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो. म्हणून निकाल थेट गुणांत न लावता पर्सेंटाइलमध्ये लावतात. आपल्या सत्रात बसलेल्यांपैकी किती टक्के विद्यार्थ्यांना आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण मिळाले, तो आकडा म्हणजे आपले पर्सेंटाइल.

समजा, एका सत्राला २०,००० विद्यार्थी बसले. एका विद्यार्थिनीला १२० गुण मिळाले आणि १८,६०० जणांना १२० किंवा त्याहून कमी गुण मिळाले. तिचे पर्सेंटाइल ९३. दुसऱ्या सत्राचा पेपर अवघड निघाला. तिथेही २०,००० विद्यार्थी होते. एका विद्यार्थ्याला १०५च गुण मिळाले, पण त्या सत्रात १०५ किंवा त्याहून कमी गुण मिळवणारे १८,६०० जण होते. त्याचेही पर्सेंटाइल ९३. गुणांत १५चा फरक असूनही दोघे एकाच पायरीवर आहेत.

यातून दोन गोष्टी निघतात. पेपर अवघड वाटला तर तो त्या सत्रातल्या सगळ्यांनाच अवघड असतो. त्यात हातपाय न गाळता शेवटपर्यंत बसणारा पुढे जातो. दुसरी गोष्ट म्हणजे, वेगळ्या सत्रात बसलेल्या मित्राशी "तुझे किती बरोबर?" अशी तुलना करण्याला काही अर्थ नसतो. आणि ९३ पर्सेंटाइल म्हणजे ९३ टक्के गुण नव्हेत, हे घरच्यांनाही आधीच समजावून ठेवलेले बरे.

आत्मविश्वास येतो कुठून?

स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये या प्रश्नाची पद्धतशीर मांडणी केली. 'हे काम मला जमेल' हा विश्वास माणसात चार वाटांनी येतो, असे त्यांनी सांगितले.

१. स्वतः केलेले काम. तसेच काम आधी जमलेले असणे. ही सर्वांत पक्की वाट.
२. आपल्यासारख्या माणसाला जमलेले पाहणे.
३. विश्वासातल्या माणसाचे शब्द.
४. शरीराच्या खुणा. धडधड, घाम, कोरडा घसा यांचा आपण काय अर्थ लावतो ते.

आपल्याकडे परीक्षेच्या तोंडावर सगळा भर तिसऱ्या वाटेवर असतो. भाषणे, प्रेरणादायी चित्रफिती, "तू करशीलच" असे धीराचे बोल. यांनी नुकसान होत नाही, पण पहिल्या वाटेचा आधार नसेल तर ते फार काळ टिकत नाहीत.

वाचून येणारा फसवा आत्मविश्वास

काही आत्मविश्वास खोटाही असतो, आणि तो अभ्यासातूनच येतो. एखादे प्रकरण तिसऱ्यांदा वाचताना सगळे ओळखीचे वाटते. 'हे येतंय' असे मन सांगते. पण ओळखू येणे आणि आठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या संशोधकांचा २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग याबाबत बोलका आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदाच वाचण्याच्या फेरीत अभ्यासला आणि उरलेल्या तीन फेऱ्यांत पुस्तक बंद ठेवून आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली, तेव्हा नुसते वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली, तेव्हा चित्र उलटले. वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले, तर आठवण्याचा सराव केलेल्यांना सुमारे ६१ टक्के. आपल्याला चांगले लक्षात राहील, असा जास्त भरवसा मात्र नुसते वाचणाऱ्या गटालाच होता.

बारावी आणि सीईटी यांच्यातल्या महिनाभरासाठी याचा अर्थ सरळ आहे. नोट्स पुन्हा पुन्हा डोळ्यांखालून घालण्यापेक्षा पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर सूत्रे लिहावीत. मागील वर्षांचे प्रश्न घड्याळ लावून सोडवावेत. मैत्रिणीला एखादी संकल्पना समजावून सांगावी. असे करताना चुका दिसतात, अडखळायला होते आणि आत्मविश्वास घटल्यासारखा वाटतो. पण तेव्हा घटतो तो फसवा आत्मविश्वास. त्याच्या जागी 'अमुक प्रकरणातले दहापैकी आठ प्रश्न मी वेळेत सोडवले' असा पुरावा येतो, आणि परीक्षेच्या खोलीत तोच उपयोगी पडतो.

सराव चाचणीत गुण घसरले तर

क्लासच्या सराव चाचण्यांचे गुण वरखाली होतात. काही क्लास मुद्दाम अवघड पेपर काढतात. एखाद्या चाचणीत २० गुण कमी पडले की आधीच्या दहा चाचण्या विसरल्या जातात आणि रात्र काळजीत जाते.

यावर साधा उपाय म्हणजे चुकांची वही. प्रत्येक चाचणीनंतर चुकलेले प्रश्न तीन रकान्यांत टाकावेत:

- आलेच नाही: संकल्पना कच्ची आहे. पुस्तकाकडे परत जावे.
- येत होते, पण चुकले: चिन्ह, एकक, आकडेमोड किंवा प्रश्न घाईत वाचला. यासाठी नवा अभ्यास लागत नाही, तपासण्याची सवय लागते.
- वेळ पुरला नाही: प्रश्न सोडवण्याचा क्रम बदलावा. अडलेला प्रश्न खूण करून सोडून देण्याचा सराव करावा.

तीन-चार चाचण्यांनंतर वहीतून बरेच काही कळते. अनेकदा असे दिसते की 'मला गणित येत नाही' हे खरे नसते. दुसरा रकाना मोठा असतो. 'मला येत नाही' या वाक्याने माणूस खचतो. 'माझी चिन्हे चुकतात' असे म्हटले की निदान कामाला लागता येते.

मराठी माध्यमातून आलेल्यांची अडचण

हडपसर आणि आसपासच्या गावांतली बरीच मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकतात आणि अकरावीला इंग्रजीत येतात. विषय समजलेला असतो, पण प्रश्नाची भाषा अडवते आणि मुले त्यालाच 'मी कच्चा आहे' असे समजतात. सीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राचे प्रश्न मराठीतही घेता येतात, गणिताचा पेपर मात्र इंग्रजीत असतो. त्यामुळे त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन, विकलन म्हणजे डिफरन्सिएशन, संकलन म्हणजे इंटिग्रेशन अशी शे-दीडशे शब्दांची यादी स्वतःच्या हाताने करून ठेवली, तर अडचणीचा मोठा भाग सुटतो. अर्ज भरताना निवडलेल्या भाषेतच सराव करावा. जी भाषा परीक्षेत दिसणार आहे, ती आधीपासून डोळ्यांच्या सवयीची हवी.

बांडुरांची दुसरी वाट इथे कामी येते. राज्यात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याच्या मुलाखतीपेक्षा आपल्याच शाळेतून, आपल्याच बसने जाणाऱ्या आणि गेल्या वर्षी सीईटी दिलेल्या दादा-ताईशी अर्धा तास बोलणे जास्त धीर देते. त्यांना कुठे अडले आणि ते कसे सुटले, हे विचारावे.

धडधड होते म्हणजे काय होते?

परीक्षेच्या सकाळी छाती धडधडते, तळहात ओले होतात, पोटात कालवते. शरीर महत्त्वाच्या कामासाठी तयार होत असल्याच्या या खुणा आहेत. शर्यतीआधी धावपटूला आणि पडदा उघडण्याआधी नटालाही हेच होते.

परीक्षेच्या ताणाचे दोन भाग असतात, हे १९६७ मध्ये लीबर्ट आणि मॉरिस या संशोधकांनी दाखवले. एक भाग शरीराची खळबळ आणि दुसरा मनातली काळजी, म्हणजे 'नापास झालो तर? लोक काय म्हणतील?' ही अखंड चाललेली बडबड. गुणांशी जास्त संबंध दिसतो तो दुसऱ्या भागाचा. कारण सोपे आहे: प्रश्न सोडवायला जी स्मरणशक्ती लागते, तिचीच जागा काळजी अडवून बसते.

म्हणून धडधड बंद करण्याच्या मागे लागू नये. २०१० मध्ये जेरेमी जेमिसन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या जीआरई परीक्षेची तयारी करणाऱ्या काही विद्यार्थ्यांना एवढेच सांगितले की अशी उत्तेजना परीक्षेत अपाय करत नाही, उलट मदतही करू शकते. हे ऐकलेल्या विद्यार्थ्यांनी गणिताच्या भागात इतरांपेक्षा जास्त गुण मिळवले. धडधड जाणवली की 'शरीर तयार होतंय' असे मनाशी म्हणणे हा त्यातून मिळणारा साधा धडा.

काळजीच्या बडबडीवरही एक उपाय तपासला गेला आहे. जेरार्दो रामिरेझ आणि सायन बायलॉक यांच्या २०११ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या लगेच आधी दहा मिनिटे आपल्या मनातली भीती कागदावर उतरवली. ज्यांना परीक्षेची भीती जास्त वाटत होती, त्यांना याचा फायदा झाला. सीईटी केंद्रात कागद नेता येत नाही, पण घरून निघण्याआधी हे करता येते. लिहिलेला कागद कोणाला दाखवायचा नसतो.

हडपसरहून केंद्रापर्यंत

पुण्यात परीक्षेच्या दिवशी धीर खचवणारी एक गोष्ट अभ्यासक्रमाबाहेरची आहे: वाहतूक. केंद्र घराजवळच मिळेल याची खात्री नसते. हडपसरच्या विद्यार्थ्याला वाघोली, आंबेगाव किंवा थेट हिंजवडीकडेही जावे लागू शकते.

वाघोलीकडे जाताना मगरपट्टा, मुंढवा, खराडी बाह्यवळण आणि मग नगर रस्ता लागतो. कात्रज-आंबेगावकडे मंतरवाडीमार्गे उंड्री, खडी मशीन चौक असा रस्ता आहे, पण त्यावर जड वाहनांची गर्दी असते. हिंजवडी तर शहराच्या दुसऱ्या टोकाला. सोलापूर रस्ता आणि मगरपट्टा चौकातली सकाळची कोंडी हडपसरकरांना नवी नाही.

सीईटीचे सकाळचे सत्र साधारण ९ ते १२ आणि दुपारचे २ ते ५ असते. केंद्रावर पोहोचण्याची वेळ त्याच्या बरीच आधीची असते आणि ती प्रवेशपत्रावर छापलेली असते. नीटचे फाटक दुपारी दीडला बंद होते. त्यानंतर आत घेत नाहीत. म्हणून:

- प्रवेशपत्र हाती आले की केंद्राचे नाव आणि पत्ता दोन्ही तपासावेत. एकाच संस्थेची शहरात अनेक संकुले असतात.
- दोन-तीन दिवस आधी, शक्यतो त्याच वेळी, केंद्रापर्यंत एकदा जाऊन यावे.
- दुसरा रस्ता आणि दुसरे वाहन ठरवून ठेवावे.
- प्रवेशपत्र, मूळ ओळखपत्र आणि सूचनांत सांगितलेल्या वस्तू आदल्या रात्री एका पिशवीत भराव्यात. गणकयंत्र, मोबाइल, स्मार्ट घड्याळ नेता येत नाही.

एकदा जाऊन आल्यामुळे फाटक, रस्ता, चहाची टपरी, बसायची जागा सगळे ओळखीचे होते. परीक्षेच्या सकाळी मनाला तेवढाच एक विचार कमी करावा लागतो.

घरच्यांनी काय करावे

एका घरातला ताण सगळ्या घराला लागतो. क्लासची फी भरण्यासाठी आईवडिलांनी ओढाताण केलेली असते आणि मुलांना ते माहीत असते. म्हणून "तुझ्यासाठी एवढा खर्च केला" हे वाक्य परीक्षेच्या महिन्यात जिभेवर येऊ देऊ नये. ते मुलांच्या मनात आधीच असते.

"आज किती प्रश्न झाले?" यापेक्षा "आज काय सुटलं? कुठे अडलं?" हे विचारणे बरे. नातेवाइकांच्या मुलांच्या पर्सेंटाइलची चर्चा जेवणाच्या ताटावर नको. "तू पहिला येशील" या भविष्यवाणीपेक्षा "गेल्या महिन्यात तुला रसायनात वेळ पुरत नव्हता, आता पुरतो" हे वाक्य जास्त बळ देते, कारण ते खरे असते आणि मुलाला ते पटते. आणि एक गोष्ट परीक्षेच्या आधी, स्पष्ट शब्दांत सांगायला हवी: निकाल काहीही लागला तरी या घरातली तुझी जागा बदलणार नाही.

आदला दिवस आणि ते तीन तास

आदल्या दिवशी नवे प्रकरण उघडू नये. सूत्रांची पाने आणि चुकांची वही एकदा चाळावी. जेवण रोजचेच असावे. झोप नाही लागली तरी अंथरुणावर शांत पडावे; एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेने दोन वर्षांचा अभ्यास पुसला जात नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारे 'पेपर फुटला', 'हे दहा प्रश्न नक्की येणार' असे निरोप उघडूच नयेत.

परीक्षेत पहिली फेरी सोप्या प्रश्नांची ठेवावी. सुरुवातीचे दहा-पंधरा प्रश्न सुटले की हात आणि मन दोन्ही स्थिरावतात. दोन अवघड प्रश्न लागोपाठ आले तर डोळे पडद्यावरून काढावेत, तीन-चार दीर्घ श्वास घ्यावेत आणि पुढच्या प्रश्नावर जावे. यात पंधरा सेकंद जातात. घाबरून अडकण्यात पाच मिनिटे जातात.

जे आपल्या हातात नाही

सगळी तयारी करूनही काही गोष्टी विद्यार्थ्याच्या हाताबाहेर राहतात. २०२५ मध्ये २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांत चुका निघाल्या. त्या सत्रातल्या सुमारे २७ हजार विद्यार्थ्यांची ५ मे रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली. पर्यायांत बरोबर उत्तरच नसलेले प्रश्न सोडवताना 'चूक आपलीच' असे किती जणांना वाटले असेल, याची कल्पना करता येते.

अशा वेळी आधी ठरवलेला नियम धीर राखतो: दोनदा करूनही उत्तर पर्यायांत सापडत नसेल, तर जवळचा पर्याय निवडून, खूण करून पुढे जायचे. उत्तरसूची प्रसिद्ध झाल्यावर आक्षेप नोंदवता येतो. ती लढाई परीक्षेनंतरची, परीक्षेच्या खोलीतली नाही.

एक दार बंद झाले तर

एका परीक्षेवर सगळे अवलंबून आहे, या समजुतीने ताण सर्वांत जास्त वाढतो. ती पूर्ण खरी नाही. प्रवेशाच्या केंद्रीभूत प्रक्रियेत अनेक फेऱ्या असतात. पदविका करून थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. विज्ञानाच्या पदवीचे मार्ग हडपसरमध्येच आहेत. अण्णासाहेब मगर महाविद्यालय आणि एस. एम. जोशी महाविद्यालय ही त्यातली जुनी नावे. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देता येते. पहिली पसंती हुकली तर दुसरी आणि तिसरी कोणती, हे परीक्षेआधी एका कागदावर लिहून ठेवावे. तो कागद हार मानल्याची खूण नसते. त्यामुळे पाय घट्ट रोवून पेपर लिहिता येतो.

मदत कधी मागावी

परीक्षेआधी थोडी भीती सगळ्यांनाच वाटते. पण अनेक रात्री झोप नाही, जेवण सुटले आहे, सतत रडू येते, पुस्तक उघडले की श्वास कोंडतो किंवा 'मी नसतो तर बरं झालं असतं' असे बोलणे तोंडी येते, तर तो अभ्यासाचा प्रश्न राहिलेला नसतो. त्याच दिवशी घरच्यांशी, शिक्षकांशी किंवा डॉक्टरांशी बोलावे. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र कधीही मोफत फोन करता येतो आणि मराठीतही बोलता येते. विद्यार्थ्याइतकाच हा क्रमांक त्याच्या आईवडिलांसाठी आणि मित्रांसाठीही आहे. मित्र असे काही बोलला, तर ते थट्टेवारी न नेता एखाद्या मोठ्या माणसाला लगेच सांगावे.